हलका हात

हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. बायकोला वाटतं, त्या दिवसांचा विषय निघाला की मी गप्प होतो तो थकव्याच्या आठवणीनं. मी तिला तसंच वाटू दिलं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल.

सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. साथीच्या काळात आमच्याकडे नियम झाला होता. डॉक्टर असो की झाडूवाला, दर सोमवारी आणि गुरुवारी कामावर चढण्याआधी प्रत्येकाची रॅपिड टेस्ट. नाकात काडी, मग किटवर थेंब, मग थोडा वेळ थांबायचं. एक रेघ आली तर वॉर्डात जा, दोन आल्या तर घरी. धडधाकट दिसणारा माणूसही आजार घेऊन पेशंटपर्यंत जातो, म्हणून ही खटपट. मला सगळं नीट शिकवलेलं होतं. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

काडी आत नेली की माणूस कळवळतो. डोळ्यांत पाणी येतं, कुणी हात झटकतं. आठवड्यातून दोनदा तेच. मला बघून लोक तोंड वाकडं करायचे — आणि मला ते सहन होईना. मग कधीतरी मी काडी नाकाच्या तोंडाशीच फिरवायला लागलो. नेमकं कधी? सांगता येत नाही. एवढं आठवतं, की शेजारच्या टेबलाची रांग सोडून लोक माझ्याकडे यायला लागले. "तुमचा हात लय हलका हाय बघा," म्हणायचे. कुणी चहा आणून द्यायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला ते आवडलं — खोटं कशाला बोलू?

डायलिसिस विभागात शांतामावशी होत्या. कवठे महांकाळकडच्या, पन्नाशीच्या. पेशंटला धरून खुर्चीत बसवायचं, पांघरूण घालायचं, पाय चेपायचे, हे त्यांचं काम. एका गुरुवारी त्या माझ्यासमोर बसल्या आणि मास्क खाली घेत म्हणाल्या, "सर, आज जरा आतपत्तूर घाला. कालपास्नं अंगात कणकण हाय."

स्वतःहून मागत होत्या. मागे रांग होती, हे खरं. पण रांग रोजच असायची. मी त्यांच्याही नाकाच्या तोंडाशीच काडी फिरवली. का? खोल घातली असती आणि दोन रेघा उमटल्या असत्या, तर आधीच्या सगळ्या एकेरी रेघांचं काय — असं काही मनात आलं होतं का? आलं असावं. एक रेघ आली. रजिस्टरात निगेटिव्ह लिहिलं आणि म्हणालो, "काही नाही मावशी, दगदगीनं होतंय." त्या कामावर गेल्या.

पुढच्या काही दिवसांत डायलिसिसचे पेशंट एकेक करून तापले. मावशीही तापल्या. त्या त्यातून उठल्या. चौगुले अण्णा उठले नाहीत. अण्णांची हळदीची शेती होती. मशीनवर पडल्या पडल्या ते नर्सना हळद कशी शिजवायची ते समजावून सांगायचे. आजार मावशींकडूनच गेला की आणखी कुणाकडून, हे ठामपणे कुणालाच सांगता यायचं नाही. या एका वाक्याच्या आधारावर मी पुष्कळ दिवस काढले.

मग चौकशी लागली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं. अंगात ताप असताना लपवलं का, असं त्यांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, टेस्टच्या वेळी मी सरांना सांगितलं होतं. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"नाही," मी म्हणालो. "मला काही बोलल्या नाहीत."

एवढंच. आवाजही कापला नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं — रागानं नव्हे, काहीतरी आठवून बघावं तसं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "सर म्हणत्यात तर तसंच आसंल. तापात माझंच ध्यान नसंल."

त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. पुढच्या सोमवारपासून मी काडी आत घालायला लागलो. कुणी कारण विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्या सांगलीच्या स्टँडवर दिसल्या, कवठ्याच्या गाडीची वाट बघत. मी वळणार, तोवर त्यांनीच हाक मारली. माझी पोरं काय करतात, विचारलं. हल्ली द्राक्षबागेत कामाला जाते, म्हणाल्या. मग जरा जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "सर, तवा मी उगंच तुमचं नाव मधी घेतलं. राग धरू नका."

गाडी अजून लागायची होती. मला बोलायला वेळ होता — पुरेसा होता.

"असू दे मावशी," मी म्हणालो. "मी ते कधीच विसरलो."

त्यांचा चेहरा निवळला. गाडी आली, त्या चढल्या, आणि मी घरी आलो.