तुमच्यात कान कशाला म्हणतात?

दुकानात शिरल्यावर माणसं आधी भाव विचारतात. आमच्या मॅडम आधी स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायच्या आणि विचारायच्या, "भैया, आपके काम में कान किसको बोलते हैं?" आता आमच्या उज्जैनात कुणी कान धरला की माफी मागतोय असंच वाटतं. त्यामुळे दुकानदार आधी दचकायचा, "अरे मैडमजी, आप क्यों माफी माँग रही हो?" आणि मग प्रश्न नीट कळला की त्याहून जास्त दचकायचा.

त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. मी घरून चिवडा, भाजणी आणि लाडू करून विकते. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या होत्या. लग्न झालेलं नव्हतं. दूधवाल्यापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे, आणि त्या मला "शेजारीणबाई" म्हणून हाक मारायच्या. पहिली काही वर्षं मला तो टोमणा वाटायचा. पुढे कळलं की ते लाडानं होतं.

हे कानाचं वेड लागलं तेव्हा मी सोबतच होते, त्यामुळे त्याचं थोडं पाप माझ्या माथी आहे. चिवड्यासाठी मोठी कढई घ्यायला आम्ही टावर चौकात गेलो होतो. भांडीवाला म्हणाला, "माताजी, कान पकड़ के उठाओ, कान एकदम मज़बूत हैं." मॅडमनी कढई दोन्ही कानांना धरून उचलली, खाली ठेवली आणि हसतच सुटल्या. म्हणाल्या, "शेजारीणबाई, मी जन्मभर पोरींचे कान धरले. पण कान धरून वर उचलायचं असतं हे मला आज कळलं."

झालं. त्या दिवसापासून बाईंना चैन पडेना. धान्याच्या दुकानात हमाल म्हणाला, बोरीचे, म्हणजे पोत्याचे, कान. तोंड शिवताना दोन्ही कोपरे बाहेर ठेवायचे, नाहीतर पाठीवर घेताना धरायचं कशाला? चहावाल्याचं उत्तर ठरलेलंच, कपाचा कान. त्याच्याकडे बिनकानाचे कप वेगळे ठेवलेले असायचे, ते फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांना. आपल्याला बिनकानाचा कप मिळतो याचा मॅडमना केवढा अभिमान! पुस्तकं बांधणारा जिल्दवाला दुमडलेल्या पानाला कान म्हणाला. एका ऑटोवाल्यानं दोन्ही बाजूंच्या आरशांना कान म्हटलं. हा त्याचा स्वतःचा शोध होता हे उघड दिसत होतं, पण मॅडमनी तोही पास केला. "गणितात असं चालायचं नाही," त्या म्हणाल्या, "पण आता मी रिटायर आहे."

राम घाटावर तर मजाच झाली. तिथल्या एका पंडितजींनी सांगितलं, "हमारे यहाँ कान फूँकना मतलब गुरुमंत्र देना. बड़ा पुण्य का काम है." मॅडम परत येताना पायऱ्यांवरच थबकल्या. "म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीत कुणी कुणाचे कान फुंकले की दोन घरांत भांडण लागतं, आणि इथे माणूस तरतो. मग आपल्या गल्लीत केवढे गुरू आहेत." आणि त्यांनी नावं घेऊन गुरू मोजायला सुरुवात केली. पहिलं नाव माझं होतं. मी चिडायला हवं होतं, पण हसून हसून माझ्याच्यानं पायऱ्या चढवेनात.

फक्त कानाच्या डॉक्टरांनी त्यांची निराशा केली. "त्यांच्याकडे कान म्हणजे नुसताच कान," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "काही मजा नाही."

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. एकटी राहतात आणि जगाशी बोलायला काहीतरी निमित्त शोधून ठेवतात. कुणी हवामान विचारतं, कुणी तब्येत. मॅडम कान विचारायच्या. मला सुरुवातीला त्यांची कीव यायची. नंतर हेवा वाटायला लागला, कारण बाजारातून परतताना माझ्या पिशवीत फक्त भाजी असायची.

अशात आमच्या मराठी मंडळात तबल्याचा वर्ग सुरू झाला. शिकवायला देवासहून एक मास्तर यायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं परगावी. उजव्या कानात ऐकायचं यंत्र. बोलताना त्यांच्या गुरूंचं नाव निघालं की मास्तर चटकन कानाच्या पाळीला हात लावायचे, गाण्याबजावण्याच्या लोकांत लावतात तसा. मॅडमनी ते बघितलं मात्र, त्या वर्गात घुसल्याच. "तुमचं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"चुकलं नाही, गुरूंचं नाव घेतलं," मास्तर म्हणाले.

"कमाल आहे. आमच्या शाळेत चुकलं की कान धरायचे, तुमच्यात गुरू आठवले की. बरं, तुमच्यात कान कशाला म्हणतात?"

मास्तर म्हणाले, "आमच्यात आधी कान तयार होतो, मग हात. माझा एक बंद पडलाय, म्हणजे मी आता निम्माच तबलजी उरलो." आणि असे काही खळखळून हसले, की मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी दारात उभी होते. मला तेव्हाच समजलं, पण मी कुणाला बोलले नाही. गल्लीतल्या गुरूंच्या यादीत माझं नाव पहिलं होतं ना, म्हणून मुद्दाम बोलले नाही.

वर्षभरात दोघांनी लग्न करायचं ठरवलं. मॅडम साठीच्या, मास्तर त्याहून थोडे मोठे. मॅडमनी मला सांगितलं तेव्हा मी लाडू वळत होते. तो लाडू हातातच फुटला. माझा नवरा म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "तुम्ही वेळेवर केलंत, काय दिवे लावलेत?" तो पेपर घेऊन आत गेला.

खरी अडचण होती दादांची. दादा म्हणजे मॅडमचे सख्खे मोठे भाऊ, नानाखेड्याला राहायचे, बँकेतून रिटायर झालेले. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरात वडिलांच्या जागी दादाच. त्यांनी बातमी ऐकली आणि सांगून टाकलं, "मी लग्नाला येणार नाही. जन्मभर वर्गात ओरडलीस, आता घरात ओरडत बस त्या बहिऱ्यापुढे."

मॅडम म्हणाल्या, "तू नाही आलास तर लग्न नाही."

ही धमकी नव्हती. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असं बजावायचं असतं. एरवी तो थट्टेचाच भाग. कोवळा मेव्हणा, लाजरा नवरदेव, हशा, भावाला कपडे मिळतात, संपलं. मॅडमनी मात्र त्यावरच सगळं अडवून धरलं. मास्तर म्हणाले, आपण कोर्टात सही करू. त्या म्हणाल्या, "सही करू. पण आधी कान. दादानं पिळला तरच."

"मी थांबेन," मास्तर म्हणाले. आणि खरंच थांबले. प्रत्येक वर्गाला यायचे, मॅडमच्या घरी बिनकानाच्या कपातून चहा प्यायचे आणि देवासची बस पकडायचे. मॅडम हळूहळू बाजारात जायच्या थांबल्या. हमाल मला विचारायचा, "मैडमजी बीमार हैं क्या?" या बाईला आयुष्यात स्वतःसाठी पहिल्यांदा काही हवं होतं आणि ते एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी अडलं होतं.

शेवटी मीच उठले. डबाभर बेसनाचे लाडू घेऊन नानाखेड्याला गेले.

"तिनं पाठवलं तुम्हाला?" दादांनी दारातच विचारलं.

"त्यांना कळलं तर त्या माझी शाळा घेतील," मी म्हटलं. "मास्तर चांगले आहेत हो, दादा."

"मी कुठे वाईट म्हणतो?"

मग ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसले. "वहिनी," ते म्हणाले, "बाबा गेले तेव्हा ती कॉलेजात होती. तिचं लग्न मी करून द्यायचं होतं. एक-दोन ठिकाणची बोलणी मोडली. मग माझी बदली, मग माझा संसार. राहून गेलं. तिनं एका शब्दानं कधी विचारलं नाही. आता मी चार लोकांत उभा राहून त्या भल्या माणसाला काय बजावू? बहिणीला नीट सांभाळ म्हणून? कान माझा पिळायला हवा."

मला वाटलं होतं दादा रागावलेत. ते लाजले होते. मी एवढंच म्हटलं, "तारीख ठरवतोय. मंडळाच्या हॉलमध्ये. तुम्ही या." ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. लाडू मात्र ठेवून घेतले.

तारीख मीच रेटून ठरवली. मॅडमना सांगितलं, दादा येतील. हे निव्वळ माझ्या मनाचं होतं.

लग्नाच्या सकाळी मॅडम हिरवी साडी नेसून आल्या. इतक्या सुंदर दिसतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मास्तरांनी फेटा बांधला होता, तो यंत्रावरून पुढेमागे सरकत होता. गुरुजी राम घाटावरून आलेले, पुढे आणखी एक काम घेऊन बसलेले, त्यामुळे मंत्र एकदम एक्सप्रेस. लाह्यांचा होम आला. गुरुजी म्हणाले, "नवरीचा भाऊ कुठाय?"

दादा नव्हते.

"मानलेला भाऊ चालतो," गुरुजी म्हणाले. "जल्दी करा." माझा नवरा आयता तयार होता. आदल्या दिवशी आरशासमोर माझाच कान पिळून त्यानं प्रॅक्टिस केली होती.

"मानलेला नको," मॅडम म्हणाल्या. "सख्खा आहे." आणि लाह्यांचं सूप पुढ्यात घेऊन मान खाली घालून बसून राहिल्या. गुरुजींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मांडी सैल करून घेतली, म्हणजे हे लांबणार असं त्यांनी धरलंच होतं.

मी बाहेर जाऊन दादांना फोन लावला. "दादा, होम विझायला आलाय, गुरुजी पळायच्या बेतात आहेत आणि मॅडम जागच्या उठत नाहीत."

"तिला म्हणावं, उठ."

"माझं ऐकत नाहीत. तुम्हीच येऊन सांगा." त्यांनी फोन ठेवून दिला.

गुरुजींना मी दोनदा चहा पाजला. तिसरा आणायला निघाले तोच दारात ऑटो थांबला. दादा उतरले. घरातला पायजमा, त्यावर बँकेच्या जमान्यातला कोट. आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी फक्त हिला उठवायला आलोय."

गुरुजींना कसलाच धीर नव्हता. "आला भाऊ? या, या. इथे धरा," असं म्हणत त्यांनी दादांचा हात ओढून सरळ मास्तरांच्या उजव्या कानावर नेऊन ठेवला. दादा गडबडले. असा कान पिळला की यंत्र सुटून त्यांच्या हातात आलं आणि कुंई कुंई करून ओरडायला लागलं. अख्खा हॉल हसला. दादा घामाघूम. यंत्र मुठीत दाबून ते मास्तरांकडे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "हिचं लग्न मी करायचं होतं. माझ्याकडून राहून गेलं. हिला सांभाळा." मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

मास्तरांनी भुवया उंचावल्या. "काय म्हणालात?"

दादांनी इकडेतिकडे बघितलं. मग जरा मोठ्यानं म्हणाले. पहिल्या दोन रांगांचं हसणं थांबलं.

"अं?" मास्तर म्हणाले.

मग मात्र दादा ओरडले. "मी हिचं लग्न करायचं होतं! माझ्याकडून राहिलं! तुम्ही सांभाळा हिला!" जिन्यात उभा असलेला केटररचा माणूस आत डोकावून गेला. मॅडमनी मान वर केली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "दादा, अरे ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

"तुला नाही, त्यांना सांगतोय," दादा म्हणाले आणि कोटाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

मॅडम आता देवासला असतात. समोरच्या दाराला कुलूप असतं. बाजारात मला प्रत्येक जण विचारतो, मैडमजी कब आएँगी? मी म्हणते, तिकडचे दुकानदार संपले की. एक-दोनदा मीही एका लोहाराला कान विचारून बघितला. मला ते जमत नाही. त्यानं मला तव्याचा भाव सांगितला.

परवा मास्तर वर्गाला आले तेव्हा चिवडा न्यायला घरी आले होते. मी पुडा बांधता बांधता त्यांना चिडवलं, "मास्तर, बिचाऱ्या दादांना किती ओरडायला लावलंत हो त्या दिवशी."

"वहिनी, माझा डावा कान अगदी ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "मला पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलं होतं."

"मग?"

"ती खाली मान घालून बसली होती. तिनं वर बघेपर्यंत मी विचारत राहिलो."