आईचं सोडियम

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता. माझी बदली घराजवळ, जैनथच्या शाळेत व्हावी म्हणून आई देवीला नवस बोलली होती : सव्वा महिना अळणी जेवेन. बदली झाली आणि भर उन्हाळ्यात तिनं मीठ सोडलं. बीपीची, लघवी वाढवणारी गोळी चालूच होती, आणि उकाड्यानं ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. बाविसाव्या दिवशी ती मला ओळखेना. भिंतीकडे बघून माझ्या मेलेल्या वडिलांना हाका मारू लागली.

"वय झालं तिचं," मामा म्हणाले. "आता देवाचं नाव घेत बसाचं, बाई." गावातल्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं. मला संताप आला. देव्हाऱ्यापुढे उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "तुह्यासाठी तिनं मीठ सोडलं, अन् तू तिचं भान घेऊन राह्यलीस? मी नाही ऐकून घेणार!" आईला जीपमध्ये घालून मी आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं.

रक्त तपासलं. रिपोर्ट हातात आला, पण त्यातले आकडे मला काय कळणार? बाकावर शेजारी एक वयस्क तेलुगू बाई होत्या. बेल्लमपल्लीच्या खाणवस्तीत नर्स होत्या म्हणे. आईचं सगळं माझ्याकडून ऐकून त्यांनी कागद मागितला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"अम्मा, सोडियम, खून का नमक, एक सौ बारा! एक सौ पैंतीस तो होना. इससे दिमाग में सूजन आती. ये उमर नहीं, बीमारी है."

"मग मिठाचं पानी पाजू का लगेच?"

"बिलकुल नहीं. अस्पताल में धीरे-धीरे बढ़ाते. जल्दी किया तो दिमाग को और नुकसान."

त्या स्वतः सोबत आल्या, मोठ्या डॉक्टरांना तो आकडा दाखवला. आईला भरती करून मी वळले, तर त्या निघून गेल्या होत्या. नावही विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी अंगातलं मीठ घटवणारी ती बीपीची गोळी बंद केली, पाणी मोजून दिलं, सलाईन हळूहळू चढवलं, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. तिसऱ्या दिवशी आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "काऊन रडून राह्यलीस वं? आज शाळा नाही का?"

घरी आल्यावर तिला नवसाचे उरलेले दिवस पुरे करायचे होते. मी ठाम नाही म्हटलं. "देवीला रागवाचं असल तं माह्यावर रागवू दे. नवस माह्यासाठीच होता."

देवी रागावली नाही. त्या बाईंना बाकावर तिनंच बसवलं, असं मी मानते. कोणाला हसायचं तर हसो. पण शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, हे मला कुणी शिकवू नये. त्या दिवशी मी धावत होते, भांडत होते, आईचा हात घट्ट धरून होते. तरी आई माझ्या हाती नव्हती. ती कुणाच्या हाती होती, हे मला धावता धावताच कळलं.