परबकाकांचा तळहात

परबकाका कीबोर्ड निवडायला दुकानात गेले की आधी तो वाजवत नसत, उचलत. काखेत मारून दुकानाच्या दारापर्यंत जायचे, परत यायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "कार्यक्रम चौथ्या मजल्यावर असला तर हा माझ्याबरोबर येईल का?" मग पट्ट्या दाबत, एकदा हलक्या बोटाने, एकदा जोरात. शेवटी दुकानदाराला खालचा सा धरून ठेवायला सांगत आणि स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटत. आम्ही तेव्हा श्वाससुद्धा जपून घ्यायचो.

लालबागच्या आमच्या चाळीत कीबोर्ड यायचा तो काकांच्या पसंतीनेच. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते आणि गिरणीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. संप झाला, गिरणी काही उघडली नाही. पेटीवरचा हात तेवढा उरला. मग ते मुलांना शिकवू लागले आणि घर त्यावर चालू लागलं.

मला दिवे लागणारा, तीनशे आवाजांचा कीबोर्ड हवा होता. काका म्हणाले, "तीनशे आवाजांचं काय लोणचं घालणार? एक सांभाळताना माणूस म्हातारा होतो. पट्टी पुरती रुंद आहे का बघ. हलकं दाबलं तर हलकं वाजतं का बघ." मी तोंड फुगवलं, पण घेतला त्यांनी सांगितला तोच. काळा, साधा, बॅटरीवरही चालणारा.

पुढे दादरच्या एका ऑर्केस्ट्रात मला चाचणीला बोलावलं. आदल्या दुपारी काका माझं वाजवणं तपासायला घरी आले. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून मी हेडफोन लावून सराव करत होते. तो डोक्यावरून काढला, पण त्याची पिन कीबोर्डमध्येच राहिली. मी वाजवायला लागले तर आवाजच नाही. थांबणार, तेवढ्यात पाहिलं, काका मान डोलावत होते आणि मांडीवर ताल धरत होते.

मी बोटं थांबवली नाहीत. तशीच शेवटपर्यंत वाजवत राहिले.

"तिसऱ्या ओळीत अंगठा उशिरा पडला," काका म्हणाले.

खरंच पडला होता. मी पिन उपसून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साच्यांनी खाल्ले कान," ते शांतपणे म्हणाले. "खात्यात एवढी धडधड, आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. ती सवय कामाला आली. बोटं दिसतात, ओठ दिसतात. फाटका स्पीकर तळहाताला कळतो."

मला आधी रागच आला. चाळभर लोकांनी या माणसाच्या कानावर विश्वास टाकला होता, आणि कान नव्हताच.

"कोणाला बोलू नकोस बाय. बहिऱ्याकडे पोरांना कोण पाठवील?"

"काकींना तरी माहीत आहे ना?"

"तिच्या पोटात काही राहत नाही. तिला वाटतं मी लक्ष देत नाही. वाटू दे."

मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी अंगठा वेळेवर पडला आणि मला घेतलं. तो कीबोर्ड खांद्याला लावून मी पुढे किती जिने चढले, आणि प्रत्येक जिन्यावर काकांना मनात नमस्कार केला.

काका गेले तेव्हा मी दौऱ्यावर होते. आल्यावर भेटायला गेले. काकी भिंतीला टेकून बसली होती.

"येतो तो म्हणतो, काय कान होता परबांचा," ती म्हणाली. "असेल. पण मी पाठून हाक मारली की या माणसाने जन्मात कधी ओ दिली नाही. माझाच तेवढा कंटाळा होता काय गो त्यांना?"

दिलेला शब्द मी तिथेच मोडला. सगळं सांगितलं, साचे, ओठ, तळहात, सगळं. काकी रडली नाही. माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

"मग सांगायचं नाही काय," ती म्हणाली. "मी समोर येऊन बोलले असते."