मेंढ्यांच्या आतड्यातलं विष

मी जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. मेलेल्या जनावराच्या आतड्याचा तुकडा येतो, रोग करणारे कोणते जिवाणू त्यात आहेत ते ओळखायचं आणि लिहून द्यायचं. अम्मी होती तोवर मी घरी पोचले की ती दारातूनच सांगायची, आधी अंघोळ, मग बाकीचं. ती गेल्यावर उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर मला एकटीला मोठं वाटायला लागलं. मी पडेगावला दोन खोल्या घेतल्या. शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "आप क्या काम करते?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर जिन्यात भेटलो तर त्या फक्त मान हलवायच्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे साहेब प्रशिक्षणाला गेले होते, प्रयोगशाळेत मी एकटीच होते. शनिवारी सकाळी एक म्हातारे मेंढपाळ आले. डोक्याला लाल मुंडासं, हातात बर्फ भरलेला स्टीलचा डबा. कन्नड गावाच्या पुढून पहिल्या एसटीनं निघाले होते. डब्यात मेंढीच्या आतड्याचा तुकडा होता, दोन्ही टोकं दोऱ्यानं नीट बांधलेली. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बांधून दिला होता.

"तीन दिसांत सात मेली बाई," ते म्हणाले. "सगळी तयार मेंढरं. रोडकी हायेत ती तशीच हायेत."

"काय खाल्लं होतं मामा त्यांनी?"

"मक्याच्या रानात बसवली हायेत खतासाठी. दरसाल त्याच मालकाच्या रानात बसवतो." त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला. "माझा भाऊ म्हनतो, मालकानं इख घातलं. औंदा रानावरनं बोलाचाली झाली व्हती. मला नाय पटत. इख हाय का नाय, एवढंच सांगा."

मका काढलेलं रान, खाली पडलेली कणसं, आणि कळपातली सगळ्यात गुटगुटीत जनावरं मेलेली. मला अंदाज आला होता. पण अंदाजावर बोलायचं नाही ही इतक्या वर्षांची सवय. आधी स्लाइड बघते, मग फोन करते, असं मी म्हणाले. मागं कळप होता, त्यांना थांबता येत नव्हतं. नंबर लिहून देऊन ते स्टँडवर गेले.

मी आतड्याच्या आतला थर काचेवर पसरला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली धरला. जांभळ्या, जाड, चौकोनी टोकांच्या कांड्या. दुसरं काही जवळजवळ नव्हतंच. हे जिवाणू धडधाकट मेंढीच्या आतड्यातही थोडे असतात. अचानक भरपूर दाणा पोटात गेला की ते बेसुमार वाढतात आणि आतड्यातच विष तयार करतात. जास्त खाणारी मेंढी आधी मरते. आंत्रविषार म्हणतात त्याला. मात्र मेल्यानंतरही हे जिवाणू वाढत राहतात, म्हणून नुसत्या कांड्या दिसल्या तेवढ्यावर निकाल देता येत नाही. मी काही भाग हवाबंद बरणीत वाढायला ठेवला. विष कोणत्या प्रकारचं ते ठरवायला आतड्यातलं पाणी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला बाजूला काढलं.

पण तोवर मेंढ्या त्या रानातून बाहेर निघायला हव्या होत्या. म्हणून दुपारी मी फोन लावला. एसटीचा आवाज येत होता.

"मामा, विषार दिसतोय. बाहेरून कुणी घातलेलं विष नाही, आतड्यातच—"

"इख? इख हाय म्हनता?"

"नाही, ऐका—"

फोन तुटला. मी पुन्हा लावला, तीनदा लावला. बंद. संध्याकाळी घरून पुन्हा लावला. रविवारीही लावला. त्यांच्या डॉक्टरांचा नंबर प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये होता, आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. तरी मी गेले नाही. सोमवारी बघू, असं मनाशी म्हणाले. त्या रविवारी मी कपडे धुतले, खिचडी केली, दिवसभर कुणाशी बोलले नाही.

सोमवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "तुमी इख हाय म्हनालात, त्ये मी भावाला सांगितलं बाई. भावानं पारावर चार मानसांत मालकाला इचारलं. मालकानं त्याच दिशी रान सोडाया लावलं. आजून दोन मेली."

मी सगळं समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमी हितं येऊन सांगाल का?"

मी डॉक्टरांना फोन करून निदान कळवलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पडेगावच्या थांब्यावरच कन्नडची बस मिळाली. तिथून पुढं जीपनं.

आधी मी मालकाच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, चाळिशीचे असतील. मी कोण ते सांगितलं, चूक माझ्या फोनची झाली तेही सांगितलं. बोलली ती त्यांची बायको.

"त्यांच्या सुनंचं बाळंतपण ह्या घरात झालं. आमी इख घालू?"

"नाही. तेच सांगायला आले."

"मला सांगून काय व्हतंय? पारावर समद्यांनी ऐकलं."

त्यांनी मला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

मेंढपाळांचा तळ दोन कोसांवर माळाला पडला होता. डॉक्टर लस टोचत होते. मामांनी मला घोंगडीवर बसवलं, भावाला बोलावलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कणसं, जिवाणू, विष. भाऊ मान खाली घालून ऐकत होता.

"म्हंजी त्यानं काय केलं नाय?"

"काही नाही."

"आन मक्यात मेंढरं म्याच मोकळी सोडली व्हती," तो म्हणाला आणि उठून मेंढ्यांकडं गेला.

मामा म्हणाले, "मी जातो मालकाकडं. त्यो काय म्हनंल ते म्हनंल."

ते गेले. दोन दिवसांनी फोनवर सांगितलं की मालकानं ओसरीवर बसवलं, ऐकून घेतलं, पण पुढच्या साली दुसऱ्याची मेंढरं बसवणार म्हणाला. लस टोचल्यावर त्यांचं एकही मेंढरू गेलं नव्हतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात ना राग होता ना आनंद. माझी चूक त्यांनी एकदाही काढली नाही. काढली असती तर मला बरं वाटलं असतं.

बरणीतल्या वाढीनं अंदाज पक्का केला. तीन आठवड्यांनी पुण्याचा अहवाल आला, तोही तेच सांगत होता. साहेब वाचून म्हणाले, "छान ओळखलंत." अहवालाची प्रत मी मालकाच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवली. ती त्यांनी पारावर कुणाला वाचून दाखवली की नाही, मला कळलं नाही.

आता नमुना घेऊन आलेल्या माणसाला मी स्लाइड बघून होईपर्यंत जाऊ देत नाही. निकाल समोर बसवून सांगते, आणि काय कळलं ते त्याच्याच तोंडून पुन्हा ऐकते. काही जण वैतागतात, एसटी चुकते म्हणतात. मी म्हणते, पुढची मिळेल. ते उठून गेले की प्रयोगशाळेत फ्रीजची घरघर तेवढी राहते, आणि मी हात धुऊन पुढचा नमुना उघडते.