मामांचं ड्रिल मशीन

"हातानंच करायचं तर मशीन आणलं कशाला?" असं म्हणत मामा आधी प्लग शोधायचे, मग काम.

केडगावात मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. मामा जन्मभर सुतारकाम केलेले. म्हातारपणी वीसेक गावरान कोंबड्या पाळल्या आणि सगळी हत्यारं त्यांच्यामागे लावली. खुराड्यातला भुसा ब्लोअरने उडवायचे. तो मामींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसायचा. कोंबड्यांचा भरडा आणि कोंडा बादलीत घालायचे आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसून, ड्रिलला रंग ढवळायची दांडी लावून कालवायचे. मामी म्हणायच्या, "ह्यो माणूस एक दिवस माझी येणी बी ड्रिलनं घालंल!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण घर्रर्र ऐकलं की कोंबड्या धावत यायच्या. गल्लीत कुणी भिंतीला भोक पाडलं, तरी त्याच्या दारात हजर.

मी सातवीतून शाळा सोडलेला, गाव तिकडे किनवटकडे. इथे ही खोली सोडली तर माझं काहीच नाही. त्यामुळे एका दुपारी कामावरून आल्यावर फाटक लावायचं विसरलो आणि सगळ्या कोंबड्या शेजारच्या आप्पांच्या झेंडूत शिरल्या, तेव्हा वाटलं, गेली खोली!

मामा ड्रिल घेऊन बांधावर. लांबलचक वायर ओढली, बटण दाबलं. गप्प. लाइट गेलेली.

"मिस्त्री, कोंबड्या आवरा, न्हाईतर आज रस्सा करतो!" आप्पा ओरडले.

मामांनी ड्रिल तसंच समोर रोखलं आणि तोंडानेच सुरू केलं, "घर्रर्र!" कोंबड्यांनी माना वर केल्या, पुन्हा झेंडूत घातल्या. मामांच्या तोंडात दात नव्हते. आवाज कमी, हवाच जास्त.

"मामा, फाटक माझ्याकडूनच..."

"म्हाईत हाय. तुमाला दात हायती न्हवं, पाव्हणं? काढा आवाज!"

काढला. जीव तोडून काढला. आधी तांबडी आली, मग मागोमाग सगळ्या. आप्पा बांधावर बसून पोट धरून हसत होते.

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "मामा, खोली कवा खाली करू?"

"खाली? आन् लाइट गेल्यावर घर्रर्र कोण करनार?"

गेल्या वर्षी मामा गेले. ड्रिल खुंटीला आहे. त्याला हात लावायचा माझा धीर होत नाही. खाद्य हाताने कालवतो, तेव्हा मामांपासून चोरून केल्यासारखं वाटतं. मग तोंडाने घर्रर्र करतो. कोंबड्या धावत येतात, बादली ओलांडून थेट ओट्यावरच्या मामांच्या खुर्चीपर्यंत जातात. तिथे जरा थांबतात, आणि मग माझ्याकडे वळतात.