जागेवरच मिटवलेलं प्रकरण

नोकरीत पाहिलेलं बरंचसं आता पुसट झालं आहे, पण ती घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. नवरात्र आलं की शहराला दांडियाचं वेड लागायचं आणि आम्हाला बंदोबस्ताची चिंता. दरवर्षीप्रमाणे मंडळांच्या पदाधिकाऱ्यांची बैठक बोलावली. पार्किंग, लाउडस्पीकर, वीजजोडणी हे नेहमीचे विषय झाल्यावर मी छेडछाडीचा विषय काढला.

सर्वांत मोठ्या मैदानाचे अध्यक्ष उठले. कापडाचे व्यापारी, गृहस्थ तसे सज्जन. म्हणाले, "साहेब, आमच्याकडून एक तक्रार कधी ठाण्यात आली नाही. झालंच काही, तर आम्ही जागेवरच मिटवतो."

"कसं मिटवता?"

"पोराला स्टेजवर घ्यायचं आणि त्या मुलीच्या हातून राखी बांधायची, सगळ्यांसमोर. बहीण-भाऊ झाले, विषय संपला."

त्यासाठी श्रावणातच जास्तीच्या राख्या घेऊन ठेवतो, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर राख्या स्वस्त कुठे मिळतात ते विचारून घेतलं.

मला हे पचलं नाही. रोज एवढी गर्दी होणाऱ्या मैदानातून कधीच तक्रार येत नसेल, तर तिथे काही घडत नाही असं पोलीस मानत नाही. कोणीतरी तक्रार करायची सोडली आहे, असं मानतो. मी आमच्या महिला हवालदारांना साध्या वेशात कानोसा घ्यायला पाठवलं.

खबर फुलबाजारातून आली. गजरे विकणारी एक बाई त्यांना म्हणाली, "मला काय विचारता बाई? माझ्या शेजारी मखमलाबादकडची एक पोर आईसंगं झेंडू घेऊन बसायची. लय बोलकी. मागच्या नवरात्रात तिनं त्या स्टेजवर राखी बांधली, तेव्हापासून तोंड उघडत नाय. कॉलेजबी सोडलं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या मायलेकींच्या मळ्यात गेलो. ओट्यावर खाटेवर पंचविशीचा एक तरुण पाय पसरून चहा पीत बसला होता. शर्टाला त्याच मंडळाच्या स्वयंसेवकाचा बिल्ला. मुलीच्या आईने ओळख करून दिली, "हा आमच्या पोरीचा मानलेला भाऊ. देवीसमोर राखी बांधलेली हाय. भाऊबीजेला साडी घेऊन आला. रोज कॉलेजला गाडीवर सोडायचा, पण हिलाच कदर नाय. घरात बसली अभ्यास सोडून."

मुलगी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. भाऊ घरी आला म्हणून बहीण दाराआड उभी राहत नाही. एवढं समजायला पोलीस असावं लागत नाही, पण त्या घरात ते कोणाला दिसत नव्हतं. तरुणाला मी बंदोबस्ताचं बोलायचं म्हणून जीपकडे नेलं. हवालदारबाई मुलीला घेऊन झेंडूच्या वावरात गेल्या आणि काही न विचारता तिच्याबरोबर फुलं खुडत बसल्या. बऱ्याच वेळाने ती बोलायला लागली.

मैदानात त्याने तिला धरलं होतं. ती ओरडली, स्वयंसेवक धावून आले, त्याला चार ठोसे बसले. मग राखी झाली. आठवड्याने तो राखीचा हवाला देत घरी आला. गाडीवर नेताना आडरस्त्याला थांबायचा, नको तिथे हात लावायचा. ती आईला सांगायला गेली, तर आईने तिच्याच थोबाडीत मारली. देवीसमोरच्या भावाबद्दल असं बोलतेस, म्हणून.

हवालदारबाईंना ती म्हणाली, "मी ओरडले तेव्हा अख्खं मैदान माझ्या बाजूनं होतं. राखी बांधली आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्यानंतर मी कुणाला हाक मारायची?"

तो तरुण ठाण्यात आला तो अगदी निर्धास्त. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "साहेब, बहिणीला कोण छेडतं? तिनं स्वतः राखी बांधलीय, विचारा अध्यक्षांना."

मी आवाज चढवला नाही. असा माणूस दरडावल्यावर गप्प बसतो आणि कौतुक केलं की बोलतो. मी म्हणालो, "चांगलं आहे. सख्ख्या बहिणी किती?"

"एकपण नाही."

"मग ही एकटीच बहीण?"

तो हसला. "नाही साहेब. मंडळानं दिलेल्या अजून तीन आहेत."

स्वतः काय बोलून गेला ते त्याला कळलं नाही. मी अध्यक्षांना बोलावून घेतलं. त्यांनी नाकारलं नाही. चार वेगवेगळ्या नवरात्रांत चार वेळा त्याला स्टेजवर चढवलं होतं, आणि प्रत्येक वेळी विषय संपला होता. शेवटी पोरगा सुधारला म्हणून यंदा बिल्ला दिला आणि नेमणूक केली महिलांच्या गेटवर. हे सांगताना अध्यक्षांचा आवाज खाली खाली गेला. माणूस वाईट नव्हता. त्याला भांडण मिटल्याचं समाधान हवं होतं, आणि ते दर वेळी त्याला मिळत होतं.

बाकीच्या तिघींच्या घरी आम्ही गेलो. दोघींची लग्नं झाली होती, तिसरीच्या वडिलांनी दार लावून घेतलं. जबाब दिला तो हिने एकटीने. विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला, पंचनामे झाले, आरोपपत्र गेलं. पुढे खटला उभा राहिला तेव्हाही ती न डगमगता बोलली आणि त्याला शिक्षा झाली. कागदावर तपास चोख होता.

कागदाबाहेर मात्र निराळं चाललं होतं. पवित्र नात्याला डाग लावला म्हणून भाऊबंदांनी त्यांच्याकडे येणं सोडलं. आई शेजारी बसून झेंडू विकायची, पण मुलीशी बोलायची नाही. ज्यांच्या हातात हात घालून ती मैदानात गेली होती, त्या मैत्रिणींना घरच्यांनी ताकीद दिली. ती पुन्हा कॉलेजला जाऊ लागली, पण बाकावर एकटी बसते, असं हवालदारबाई सांगायच्या. त्या दिवसांत मी घरी जेवायला बसलो तरी मनात तो बाक असायचा. कोणाला अटक करून तो भरणार नव्हता.

पुढच्या नवरात्राआधी मी सगळ्या मंडळांच्या स्वयंसेवकांना ठाण्याच्या आवारात बोलावून शिकवायला घेतलं. मुलीचं नाव माइकवर पुकारायचं नाही. दोघांना समोरासमोर आणायचं नाही. मारायचं नाही, माफी मागायला लावायची नाही. आधी तिला बाजूला घेऊन तुला काय हवं ते विचारायचं आणि पोलिसांना कळवायचं. महिला स्वयंसेवक हव्यातच. एका पोराने हात वर केला. "पण साहेब, मग मिटवायचं कसं?"

"मिटवायचं नाही. ते तुमचं काम नाही."

शेवटच्या दिवशी मी त्या मुलीला बोलावलं होतं. यायचं की नाही ते तिच्यावर सोडलं होतं. ती आली. तिने जे झालं ते उभं राहून, न रडता सांगितलं. पोरं खाली बघत ऐकत होती. तिच्याच मैदानावरच्या एकाने बिचकत विचारलं, "ताई, यंदा दांडियाला येशील ना? आम्ही लक्ष ठेवू."

"तुम्ही लक्ष ठेवाल, खरं आहे," ती म्हणाली. "पण दांडियाला समोर कोणीतरी लागतं ना. माझ्यासमोर कोण उभं राहील?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तक्रारदाराला आरोपीपासून वाचवायला शिकलो होतो. तक्रार केल्यावर ती माणसांतून उठते, त्यावर कुठलं कलम नाही. तिथून पुढे प्रत्येक वर्गात मी एक गोष्ट जास्तीची सांगत आलो. तक्रार करणारीला घरी सोडून परत फिरू नका. तिच्या मैत्रिणींना, तिच्या आईला भेटा, महिनाभराने पुन्हा जा, ती कोणाबरोबर बसते ते बघा. काही मंडळांनी ते केलं. बऱ्याच जणांनी केलं नाही.

त्या नवरात्रात बंदोबस्ताच्या फेरीला मी रोज त्या मैदानाच्या कडेला थांबत होतो. गोल धरून नाचणाऱ्या मुलींमध्ये ती कुठे आहे का ते बघत होतो. ती एकदाही आली नाही.