पंख्यातल्या अक्षता

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, समोरच्या दारातल्या फरझानालाही नाही — आणि फरझानाला मी काय सांगत नाही? माझ्या गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरच्या आधी तिनं पाहिलाय. पण हे नाही. तीन वर्षं झाली, जिभेवर येतं आणि मी चहा ठेवायला उठते.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसू नका हं.

आमच्या सायलीचा जुना लॅपटॉप. ती नोकरीला बंगळुरूला गेली, तिनं नवा घेतला आणि हा बाबासाठी ठेवून गेली. आमचे हे ट्रान्सपोर्ट कंपनीत एकतीस वर्षं चलनं लिहीत बसले. किती ट्रक रवाना केले असतील देव जाणे, स्वतः मात्र कधी साधी स्कूटरही चालवली नाही. रिटायर झाल्यावर सायलीनं त्यांना ट्रक चालवायचा गेम लावून दिला. इंटरनेटवरचा, त्यामुळे तिकडून तीही आपला ट्रक घेऊन यायची. दर रविवारी सकाळी दहाला बापलेक परदेशातल्या रस्त्यांवर निघायचे, एकामागे एक, दीड-दोन तास. कानाला हेडफोन, अंगात बनियन, आणि बसायला पूनम सागर सोसायटीतला आमचा हॉल!

आणि मी? मी पोहे द्यायचे.

मला फक्त यांचंच बोलणं ऐकू यायचं. "अगं थांब, सिग्नल आहे." मग हसणं. मग बराच वेळ नुसतं "हं… हं…" माझ्याशी सायली कशी बोलायची? जेवलीस का — हो. बाई येते का — हो. चल आई, ठेवते. तीन मिनिटं. गरोदरपणात नऊ महिने उलट्या मी काढल्या आणि गप्पा बापाशी! हे मी तेव्हा मनातल्या मनात म्हणायचे. आता लिहिताना लाज वाटते, पण म्हणायचे.

त्यात तिचं लग्न मोडलं. साखरपुडा झालेला, हॉल बघून ठेवलेला. तिनं ते यांना गेम खेळताना सांगितलं. मला कधी कळलं? आठ दिवसांनी. हे म्हणाले, "तीच म्हणाली, आईला जरा दमानं सांग." दमानं! मी काय कुणी परकी होते? त्या दिवसापासून तो लॅपटॉप मला डोळ्यांसमोर नको झाला. आता वाटतं, गाडी चालवताना माणसं समोर बघून बोलतात, एकमेकांकडे नाही, म्हणून तिला जमलं असेल. तेव्हा कुठलं सुचायला?

मग दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात — हत्यारं कसली, माझी शिलाई मशीन, विळी, यांचे स्क्रू ड्रायव्हर आणि तो लॅपटॉप. पाटावर जागा पुरेना, म्हणून मी तो मिटून फोटोसारखा भिंतीला उभा टेकवला. हवा बाहेर जायची जाळी आली वर, आणि तिची एक पट्टी आधीच तुटलेली. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि वरून अक्षता टाकल्या. चांगल्या मूठभर. आमच्या माहेरी हात सैल असतो.

ही झाली चूक. चूक कुणाचीही होते. मी जे सांगायला बसलेय ते हे नाही.

दोन दिवसांनी टेबल पुसताना लॅपटॉप उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं. तिरका केला आणि कुंकवात रंगलेला तांदळाचा एक दाणा तळहातावर पडला. मला कळलं. त्याच क्षणी, अगदी लख्ख कळलं. हे आत पेपर वाचत होते. "अहो, इकडे या" — एवढंच म्हणायचं होतं ना? मी तो दाणा तुळशीच्या कुंडीत टाकला आणि फडकं धुवायला गेले. मूग गिळून गप्प बसतात म्हणे, मी तांदूळ गिळून बसले.

पाच महिने.

त्या पाच महिन्यांत या माणसानं काय काय केलं, ते मी बघितलंय. लॅपटॉप तापायचा, इतका की वर पापड भाजावा, आणि गेम अडकत अडकत चालायचा. सायली पुढे निघून जायची आणि यांचा ट्रक पुलावर गोठलेला. मग फोनवर सल्ले. यांनी लॅपटॉपखाली बाटल्यांची चार झाकणं लावली. टेबल फॅन आणून समोर ठेवला. सायलीनं सांगितलं, सेटिंग कमी कर, तर यांनी आधी गेममधला पाऊस बंद केला. मग सावल्या. मग ट्रकचे आरसे. शेवटी रस्त्याकडेची झाडं गेली. एवढं करून मला दाखवायला बोलावलं, "बघ गं, आता जरा बरा चालतोय ना?" नुसता डांबराचा पट्टा होता हो! मी म्हटलं, "छान." आत जाऊन कुकर लावला.

जागा कमी पडत असेल म्हणून यांनी कितीतरी जुने व्हिडिओ पुसले. त्यात सायलीचं शाळेतलं लेझीमही गेलं. तेव्हाही मी बोलले नाही. बोलता आलं असतं. रोज सकाळी उठून मी न बोलायचं ठरवत होते.

का? कारण मला वाटलं, गेम बंद पडला की सायली मला फोन करेल. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं दिसलं असतं.

एका रविवारी दहा वाजले आणि हे टेबलाशी गेलेच नाहीत. "तिचा खोळंबा होतो गं, दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं तिला. म्हातारं झालं ते मशीन, माझ्यासारखं." हेडफोनची वायर गुंडाळून कपाटात ठेवली. मी जिंकले होते. मग वाट बघितली. सायलीचा फोन आला — जेवलीस का, हो, ठेवते. पुढच्या रविवारीही तेच. ती मला काही सांगत नव्हती आणि आता बाबालाही काही सांगत नव्हती. होळीला आली तेव्हा गालफडं बसलेली. झोप लागत नाही म्हणाली. लग्न मोडलेली पोर, परक्या शहरात एकटी, आणि तिची बोलायची एकुलती एक जागा तिच्या आईनं बंद करून टाकली होती.

ती गेल्यावर, भायंदरला बाजारात जाते सांगून, मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गोडदेवला गेले. तिथे तिथलेच मूळ गाववाले एक गृहस्थ दुरुस्ती करतात, पन्नाशीचे. त्यांनी उघडला, बॅटरी मारून आत बघितलं आणि मोठ्यानं हसले. "काकू, पंख्यात तांदूळ हाय! बाकी काय बिघाड न्हाय." पंखा साफ केला, आत गरम होऊ नये म्हणून नवी पेस्ट लावली, अर्ध्या तासात काम झालं. अकरा दाणे निघाले. ते कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिले, म्हणाले, "परसाद."

घरी येऊन मी काय सांगितलं? "धूळ होती."

मग कौतुक सुरू झालं. हे अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटले, आमच्या हिनं बरा करून आणला! फरझानानं शीरखुर्मा दिला. सायलीनं साडी पाठवली, मोरपंखी. मी ती नेसलेही. दोनदा.

झाडं परत आली. आरसे आले, पाऊस आला. पहिल्याच रविवारी सायली बाबाला म्हणाली, "आईला पण बसव ना, नकाशा बघायला." यांनी हेडफोन काढून स्पीकर लावला आणि मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसले. बस्स, एवढंच करायचं होतं. एक खुर्ची ओढायची. ती आधीही ओढता आली असती, मला कुणी नको म्हटलं नव्हतं. आता मी यांना डावं-उजवं सांगते, चुकवते, तिघं हसतो. सायली बोलते. रस्ता लांब असला की पुष्कळ बोलते. परवा एका मित्राचं नाव तिनं तीनदा घेतलं, मी आणि यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी पुढचं वळण सांगितलं. झोप लागते म्हणाली.

तीन वर्षं मी त्या खुर्चीवर बसतेय आणि खाली काहीतरी टोचतंय. पुडी अजून देव्हाऱ्यात आहे, कुंकवाच्या करंड्यामागे.

आज खंडेनवमी. उद्या दसरा आणि नेमका रविवार. हे सगळं मी त्याच लॅपटॉपवर टाइप करतेय, एका बोटानं, सकाळपासून. पंखा अगदी हळू फिरतोय. हे झेंडू आणायला स्टेशनकडे गेलेत. आल्यावर पाट मांडतील आणि पूजेसाठी लॅपटॉप उचलायला इथेच येतील. पुडी मी काढून आणलीय, कीबोर्डच्या शेजारी उघडून ठेवलीय. अकरा दाणे, रंग उडालेले.

अक्षता चुकून पडल्या. पाच महिने गप्प बसले ती मी, समजून-उमजून. सायलीलाही उद्या दहा वाजता हेच सांगेन.

लिफ्टचं दार वाजलं. "अगं, आपट्याची पानंही मिळाली!" म्हणताहेत. मी उठून दार उघडते. लॅपटॉप मी मिटत नाही, हे पान उघडंच ठेवते.